वय झालेल्या लाइनबॅकरची किंमत कशी करायची? (वॅग्नर, लुईस, फ्लेचर आणि बाकीचे)

पोटोमॅककाठ

मार्च 2024 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या वॉशिंग्टन कमांडर्सनी लाइनबॅकर बॉबी वॅग्नरला एका वर्षाच्या करारावर घेतलं. जास्तीत जास्त 85 लाख डॉलरचा करार, आणि वाटाघाटी त्यानं एजंट न ठेवता स्वतः केलेल्या. जूनमध्ये तो 34 वर्षांचा होणार होता. आमच्या भागातल्या चाहत्यांचा पहिला प्रश्न एकच होता: सिअ‍ॅटलनं ज्याला दोनदा जाऊ दिलं, त्याला आपण कशाला घ्यायचं?

मोसम संपला तेव्हा आदल्या वर्षी 4 जिंकून 13 हरलेला संघ 12-5 वर होता आणि कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे सुपर बाउल या अंतिम सामन्याच्या आधीच्या फेरीपर्यंत, पोचला होता. श्रेय नवा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) जेडन डॅनियल्सला मिळालं, ते योग्यच. पण मला बोलायचंय ते वॅग्नरबद्दल, आणि त्याच्या निमित्तानं चौतिशी-पस्तिशी ओलांडलेल्या मधल्या लाइनबॅकरबद्दल. या माणसाचा उपयोग आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो असं माझं ठाम मत आहे.

नव्यानं बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. बचावाच्या अकरा जणांत सगळ्यात पुढे धिप्पाड लाइनमन असतात, सगळ्यात मागे पळणारे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. या दोघांच्या मध्ये लाइनबॅकर. त्याला धावणाऱ्याला अडवायचं असतं, पासच्या वेळी मागे हटून माणूस किंवा जागा राखायची असते आणि सांगितलं तर क्वार्टरबॅकवर चालूनही जायचं असतं. मधला लाइनबॅकर, ज्याला सगळे माइक म्हणतात, तो याशिवाय उरलेल्या दहा जणांना उभं करतो. समोरची रचना बघून तो लाइनमनना डावीकडे-उजवीकडे सरकवतो, शेजारच्या लाइनबॅकरला कुठली फट तुझी ते सांगतो, मागच्यांना कव्हरेज बदलायला लावतो. हे सगळं चेंडू हलायच्या आधी.

वॅग्नरनं 2024 मध्ये 132 टॅकल केले, म्हणजे इतक्या वेळा चेंडूवाल्याला धरून पाडलं, आणि त्याचं नाव ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीच्या) दुसऱ्या संघात आलं. हा आकडा सगळे सांगतात. मला तो दुय्यम वाटतो. आधीच्या वर्षी वॉशिंग्टनच्या बचावानं 518 गुण दिले होते, अख्ख्या लीगमध्ये सर्वात जास्त. सामना बघताना ते लोक स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या, क्षणीसुद्धा एकमेकांकडे वळून हातवारे करताना दिसायचे. दोन जण एकाच फटीत घुसायचे आणि शेजारची फट उघडी पडायची. 2024 मध्ये दिलेले गुण 391 वर आले. बचाव अव्वल झाला नाही, साधारण मधोमध आला. पण माणसं जागेवर उभी राहायला लागली. वॉशिंग्टनचा नवा मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन सिअ‍ॅटलला बचावाचा प्रमुख होता तेव्हा, 2013 आणि 2014 मध्ये, वॅग्नर त्याच्या हाताखाली खेळला होता. त्यामुळे नव्या प्रशिक्षकाची भाषा पहिल्या दिवसापासून बोलणारा एक माणूस मैदानावर होता. मी ज्याला किंमत देतो ती ही गोष्ट.

तुमचे अनुभव आणि उदाहरणं लिहा. विरोधी मतं तर जरूर लिहा.

आकडेमोड

चांगला विषय. पण मी दुसऱ्या बाजूनं बोलणार.

2024 मध्ये वॉशिंग्टनचा बचाव चेंडू घेऊन पळण्याच्या डावांविरुद्ध 32 संघांत 30वा होता. दर सामन्याला 137 यार्डांहून जास्त दिले. माइक लाइनबॅकरचं पहिलं काम धाव अडवणं, आणि नेमक्या त्याच कामात संघ तळाला. मग "माणसं जागेवर उभी होती" याचा अर्थ काय?

कॉन्फरन्स फायनल आठवा. फिलाडेल्फियाचा पहिलाच डाव, सेकन बार्कली 60 यार्ड पळत गेला आणि टचडाउन (चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या टोकाला). सामना 55-23. फिलाडेल्फियानं धावून 229 यार्ड काढले, सात टचडाउन पळत केले. लाइनबॅकर जागेवर असणं आणि तिथे पोचून माणूस थांबवणं यांत अंतर आहे, आणि वय वाढतं तसं तेच अंतर वाढत जातं.

दुसरं म्हणजे 518 वरून 391. यात डॅनियल्सचा वाटा किती? आक्रमण मैदानावर जास्त वेळ टिकलं की बचावाला विश्रांती मिळते, वाईट जागेवरून सुरुवात करावी लागत नाही. त्याच वर्षी लाइनबॅकर फ्रँकी लुवूही आला, तो तरुण आणि वेगवान. प्रशिक्षकांची पूर्ण फळी बदलली. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर फरक एका माणसाच्या खात्यावर टाकता येत नाही.

आणि टॅकलच्या आकड्याबद्दल मी तुमच्याही पुढे जाईन. 2023 मध्ये वॅग्नर सिअ‍ॅटलसाठी 183 टॅकल करून लीगमध्ये पहिला आला आणि त्याच वर्षी सिअ‍ॅटलचा धाव-बचाव तळाशी होता. टॅकल कितव्या यार्डावर झाला हे कोणी विचारत नाही. सात यार्ड मागे जाऊन केलेला टॅकलही एकच मोजला जातो.

हार्बरवाला_बाल्टिमोर

आता बाल्टिमोरच्या माणसानं गप्प बसावं अशी अपेक्षा नसेल. रे लुईसशिवाय हा धागा पूर्ण कसा होणार?

1996 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) पहिल्या फेरीत 26व्या क्रमांकावर त्याची निवड झाली. क्लीव्हलंडहून आलेल्या संघाची बाल्टिमोरमधला तो पहिलाच ड्राफ्ट, त्याच फेरीत चौथ्या क्रमांकावर जोनाथन ऑग्डेन. 2000 च्या मोसमात आमच्या बचावानं 16 सामन्यांत फक्त 165 गुण दिले आणि सुपर बाउलचा सर्वोत्तम खेळाडू लुईस ठरला. पण तो 25 वर्षांचा लुईस. धाग्याचा विषय 37 वर्षांचा लुईस आहे.

14 ऑक्टोबर 2012, डॅलसविरुद्ध घरच्या मैदानावर. उजव्या हाताचं ट्रायसेप्स फाटलं. त्याच सामन्यात लार्डेरियस वेबचा गुडघा गेला. आम्ही 31-29 जिंकलो, पण घरी जाताना माणसं हरल्यासारखी चालत होती. सगळ्यांनी धरूनच टाकलं की कारकीर्द इथे संपली. जखमी यादीतून एका खेळाडूला मोसमात परत आणता येईल असा नियम नेमका त्याच वर्षी आला होता, आणि संघानं ती एक जागा त्याच्यासाठी राखून ठेवली. 2 जानेवारीला त्यानं सांगितलं की हा मोसम शेवटचा. 6 जानेवारीला, दुखापतीनंतर बरोबर बारा आठवड्यांनी, हातावर भला मोठा काळा पट्टा बांधून तो कोल्ट्सविरुद्ध उतरला. 13 टॅकल. पुढच्या आठवड्यात डेन्व्हरच्या थंडीत, दोन जादा सत्रांपर्यंत ताणलेल्या सामन्यात, 17. मग न्यू इंग्लंड, मग न्यू ऑर्लिन्सला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध सुपर बाउल. चार सामन्यांत 51 टॅकल आणि अंतिम सामना 34-31 असा जिंकला.

आकडेमोड, तुम्ही म्हणाल टॅकल मोजू नका. बरं, मोजत नाही. पण त्या चार आठवड्यांत आमचा बचाव कसा उभा राहत होता ते मी बघितलंय. डेन्व्हरच्या पेटन मॅनिंगसमोर कोण उभं राहतंय याला महत्त्व असतं. तो क्वार्टरबॅक रेषेवर उभा राहून डाव बदलतो, खोट्या हाका देतो. समोर तसाच कोणी नसेल तर बचाव पहिल्या दहा सेकंदांतच हरतो. लुईस त्याच्या हाका ऐकून आपली मांडणी बदलायचा, मग मॅनिंग पुन्हा बदलायचा. तो सामना म्हणजे दोन म्हाताऱ्यांचा चेंडू सुटायच्या आधी चाललेला सामना होता आणि मी आयुष्यात त्याहून सुंदर काही बघितलेलं नाही.

आकडेमोड

@हार्बरवाला, तुमच्या भावना समजतात, आणि 51 टॅकल हा मोठा पराक्रम आहे यात वाद नाही. पण त्याच संघाच्या बाकीच्या नोंदीही बघू.

2011 मध्ये पायाच्या बोटाच्या दुखापतीमुळे लुईस चार सामने बाहेर होता. बाल्टिमोर चारही जिंकलं.

2012 मध्ये डॅलसच्या ज्या सामन्यात तो जखमी झाला, त्या सामन्यात तुमच्या बचावानं समोरच्यांना धावून 227 यार्ड काढू दिले. तेव्हा तो मैदानावर होता. शरीर त्या मोसमात आधीच थकलेलं दिसत होतं.

आणि जानेवारी 2013 मध्ये बदललं काय काय? आक्रमणाचा प्रशिक्षक कॅम कॅमेरॉनला डिसेंबरात काढून आक्रमण जिम कॉल्डवेलकडे दिलं. क्वार्टरबॅक जो फ्लॅकोनं प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) 11 टचडाउन पास दिले आणि चेंडू एकदाही प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला नाही. टेरेल सग्ज पायाच्या मोठ्या दुखापतीतून परत आला होता. डेन्व्हरला सामना वाचला तो 31 सेकंद उरलेले असताना जेकोबी जोन्सकडे गेलेल्या 70 यार्डांच्या पासवर. सुपर बाउलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हर्नन डेव्हिसनं पास झेलून 104 यार्ड काढले, त्यातल्या काही पासच्या वेळी त्याच्यामागे पळणारा माणूस लुईस होता आणि तो मागे पडत होता. प्रशिक्षकांनी त्याला तिथे एकटं सोडायला नको होतं.

मी त्याला कमी लेखत नाही. मला इतकंच म्हणायचंय की विजयाच्या गोष्टीत म्हाताऱ्याला नायक करणं आपल्याला आवडतं, म्हणून त्याचा वाटा आपण फुगवतो. पुढचा महाव्यवस्थापक ती गोष्ट वाचून 35 वर्षांच्या माणसाला तीन वर्षांचा करार देतो आणि संघ बुडतो.

हार्बरवाला_बाल्टिमोर

2011 चे ते चार विजय मला आजही अभिमानाचे वाटतात. पण त्या चार आठवड्यांत जागा सांभाळणारी मुलं कोणाकडून शिकली होती? डॅनेल एलर्बी आणि जमील मॅक्लेन, दोघांनाही ड्राफ्टमध्ये कोणी विचारलं नव्हतं. त्यांना चित्रफीत कशी बघायची हे लुईसनं शिकवलं. सुपर बाउलनंतर एलर्बीला मायामीनं मोठा करार दिला. एका अनुभवी माणसाच्या सावलीत दोन अनामिक मुलं लीगमध्ये उभी राहतात, हा हिशेब टॅकलच्या तक्त्यात कुठे लिहायचा?

आणि तो गेल्यावर 2013 मध्ये आम्ही 8-8 झालो, प्लेऑफ हुकले. एड रीडही गेला होता, बरेच जण गेले होते, हे मान्य. पण मधली जागा खऱ्या अर्थानं भरली ती 2014 मध्ये सी. जे. मोझली पहिल्या फेरीत आला तेव्हा.

नवीन_प्रेक्षक

मी पुण्याहून लिहितेय, गेली काही वर्षं भावामुळे हा खेळ बघायला लागले. एक मूलभूत प्रश्न. प्रशिक्षक हेल्मेटमध्ये बोलू शकतात ना? मग मैदानावर वेगळा "सांगणारा" कशाला लागतो? प्रशिक्षकानेच सगळ्यांना सांगावं.

पोटोमॅककाठ

@नवीन_प्रेक्षक, प्रश्न अगदी वर्मावर आहे.

आक्रमणाच्या क्वार्टरबॅकला रेडिओ 1994 पासून आहे. बचावाला 2008 मध्ये मिळाला. त्याआधी प्रशिक्षक मैदानाच्या कडेवरून हातानं खुणा करायचे आणि त्या चोरता यायच्या. 2007 मध्ये न्यू इंग्लंडनं जेट्सच्या प्रशिक्षकांच्या खुणांचं चित्रीकरण केलं ते प्रकरण गाजलं, आणि पुढच्याच वर्षी बचावाला रेडिओ द्यायचा निर्णय झाला. हेल्मेटच्या मागे छोटा हिरवा ठिपका दिसतो ना, तो रेडिओ असलेल्या खेळाडूची खूण. मैदानावर एका वेळी बचावाच्या एकाच माणसाकडे असा हेल्मेट असू शकतो. बाकी दहांना त्यानं सांगायचं.

आणि मुख्य गोष्ट अशी, की डाव सुरू करायच्या घड्याळावर 15 सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. प्रशिक्षकाचा आवाज तिथे तुटतो. पण समोरचं आक्रमण खरे बदल त्यानंतरच करतं. कोणी या टोकाचा त्या टोकाला पळत जातो, टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा खेळाडू) बाजू बदलतो, क्वार्टरबॅक ओरडून डाव फिरवतो. या उरलेल्या सेकंदांचा मालक मैदानावरचा तो एक माणूस असतो. 24 वर्षांच्या मुलाला हे जमत नाही असं नाही. पण त्यानं ती विशिष्ट रचना याआधी किती वेळा बघितलीय, यावर सगळं येतं.

वॅग्नर गार्डकडे बघतो. गार्ड म्हणजे आक्रमणातला सेंटरच्या शेजारचा लाइनमन. त्याचा जमिनीवर टेकलेला हात किती दाबलाय, वजन पुढे आहे की टाचेवर, यावरून धाव की पास याचा अंदाज येतो. वजन पुढे असेल तर तो समोर धडक देणार. मागे असेल तर पाससाठी मागे सरकणार, नाहीतर बाहेर निघून बाजूला पळणार. स्नॅपनंतर गार्डचं पहिलं पाऊल पडलं की लाइनबॅकरचं पहिलं पाऊल पडायला हवं. अनुभवी माणूस इथे अर्धं पाऊल कमावतो. पायांनी गमावलेलं अर्धं पाऊल डोळ्यांनी परत मिळवता येतं, काही काळ तरी.

सातारचा_रेडर

कबड्डी खेळलेल्या माणसाला हे पटकन कळेल. कोपऱ्यावरचा जुना खेळाडू स्वतः रेडरवर झेपावतो ते क्वचित. पण साखळी कधी पुढे सरकायची, कधी मागे घ्यायची, ते तोच ठरवतो आणि सगळे त्याच्या हातावर चालतात. तो बसला की त्याच सहा जणांचा बचाव विस्कटतो.

सिअ‍ॅटलची_संध्याकाळ

सिअ‍ॅटलबद्दल उल्लेख झालाय म्हणून लिहिते.

8 मार्च 2022 हा दिवस आमच्यासाठी वाईट होता. एकाच दिवशी क्वार्टरबॅक रसेल विल्सनला दुसऱ्या संघाला दिल्याची बातमी आली आणि वॅग्नरला सोडल्याची. 2012 च्या ड्राफ्टमधले हे दोघे, वॅग्नर दुसऱ्या फेरीत 47वा, विल्सन तिसऱ्या फेरीत. दहा वर्षं, एक सुपर बाउल, वॅग्नर सहा वेळा ऑल-प्रोच्या पहिल्या संघात. आणि त्याला ही बातमी संघाकडून थेट कळली नव्हती, हे त्यानं स्वतः जाहीरपणे सांगितलं. मला तो प्रकार आजही बोचतो.

पण हिशेबाच्या बाजूनं संघाचा निर्णय समजण्यासारखा होता. त्याला सोडल्यानं सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) 1 कोटी 60 लाख डॉलरहून जास्त जागा मोकळी होत होती. त्या वर्षी पूर्ण संघाची मर्यादा 20 कोटी 82 लाख. म्हणजे 53 जणांच्या संघात एका लाइनबॅकरवर जवळजवळ आठ टक्के. शिवाय 2020 मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला जॉर्डिन ब्रूक्स तयार होता.

मग झालं काय? जानेवारी 2023 मध्ये ब्रूक्सचा गुडघा फाटला आणि काही महिन्यांत वॅग्नर परत आला, बराच कमी पैशात. माझ्या मते 2022 चा करार चुकीचा होता आणि 2023 चा बरोबर, माणूस मात्र तोच. त्यामुळे "म्हातारा लाइनबॅकर किती उपयोगी" या प्रश्नाचं उत्तर रकमेशिवाय देताच येत नाही.

@आकडेमोड, 183 टॅकलबद्दल तुमचं म्हणणं अर्धं पटतं. पण त्या वर्षी त्याच्या पुढची लाइन रोज ढकलली जात होती. गार्ड मोकळा सुटून दुसऱ्या पातळीवर येत असेल तर कुठल्याही वयाचा लाइनबॅकर सात यार्डांवरच टॅकल करणार. 2013 मध्ये याच माणसाच्या पुढे ब्रँडन मेबेनसारखे लोक दोन-दोन गार्ड अंगावर घेऊन उभे होते. तरुण लाइनबॅकर चुकीच्या लाइनमागे थोडंफार पळून झाकतो. म्हाताऱ्याला ते जमत नाही. म्हणून तो घ्यायचा असेल तर आधी समोर दोन भक्कम लाइनमन घ्या.

आकडेमोड

@सिअ‍ॅटलची_संध्याकाळ, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. म्हणजे त्याचं मूल्य त्याच्या एकट्याचं नाहीच, त्याच्या पुढे कोण आहे आणि शेजारी कोण आहे यावर ते ठरतं. वॉशिंग्टनला 2024 मध्ये शेजारी लुवू होता, तो पळण्याची कामं उचलत होता.

रकमेच्या बाजूनं आणखी एक तरतूद आहे. चार किंवा अधिक वर्षं खेळलेल्या माणसाला किमान वेतनावर एका वर्षासाठी घेतलं, तर कॅपच्या हिशेबात तो दोन वर्षांच्या अनुभवाच्या खेळाडूइतकाच धरला जातो. फरक लीग सोसते. जुने लोक केवळ महाग पडतात म्हणून बाहेर फेकले जाऊ नयेत, यासाठी ही सोय. त्यामुळे राखीव फळीत एक म्हातारा लाइनबॅकर ठेवणं स्वस्त आहे.

फक्त राखीव बसायला तो तयार हवा. जेम्स हॅरिसनचं काय झालं बघा. पिट्सबर्गसाठी साडेऐंशी सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकायच्या आधी पाडणं) त्याच्या नावावर, 2023 मध्ये टी. जे. वॉटनं मागे टाकेपर्यंत संघाच्या इतिहासात सर्वात जास्त. सप्टेंबर 2014 मध्ये निवृत्त झाला आणि काही आठवड्यांत त्याच संघात परत आला, तोही कामाचा ठरला. 2017 मध्ये 39 व्या वर्षी त्याला खेळायला फारसं मिळेना, तो अस्वस्थ झाला आणि डिसेंबरात संघानं सोडलं. तीन दिवसांत न्यू इंग्लंडनं उचललं. तो बाहेरून क्वार्टरबॅकवर धावणारा लाइनबॅकर, माइक नव्हे, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण बाकावर बसवलेला दिग्गज हा ड्रेसिंग रूमसाठी सोपा विषय नसतो.

फिजिओ_ह्यूस्टन

मी व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट आहे. या धाग्यावर "संघाला काय मिळतं" हे भरपूर झालं. देणाऱ्याचं काय जातं ते थोडं लिहिते.

वय वाढल्यावर सरळ धावण्याचा वेग कमी होतो तो सगळ्यांना दिसतो. त्याआधी जातं ते कमरेतून वळणं. लाइनबॅकर मागे हटत असताना रिसीव्हर दिशा बदलतो, तेव्हा नितंब फिरवून पळायला सुरुवात करायची असते. व्हर्नन डेव्हिससमोर लुईसला जे जमलं नाही ते हेच. आणि भरून निघायला लागणारा वेळ वाढतो. रविवारी खेळून गुरुवारी पुन्हा खेळायचं वेळापत्रक 25 व्या वर्षी कठीण, 35 व्या वर्षी क्रूर.

पण माझी खरी काळजी डोक्याची आहे. ज्युनिअर सिआऊ वीस मोसम खेळला. ऑगस्ट 2006 मध्ये निवृत्ती जाहीर करून चार दिवसांत न्यू इंग्लंडकडे गेला आणि पुढची चार वर्षं तिथे येत-जात राहिला. 2007 चा जो संघ साखळीतले सगळे 16 सामने जिंकला, त्याच्या बचावात तो आणि टेडी ब्रुस्की हे दोघे जुने लाइनबॅकर होते. ब्रुस्की तर 2005 च्या सुरुवातीला पक्षाघाताच्या झटक्यातून उठून आलेला. दोघांचं किती कौतुक झालं तेव्हा! मे 2012 मध्ये सिआऊनं 43 व्या वर्षी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच्या मेंदूत सीटीई असल्याचा निष्कर्ष 10 जानेवारी 2013 ला जाहीर झाला. वर ज्या डेन्व्हरच्या सामन्याचं वर्णन आहे, त्याच्या दोन दिवस आधी.

सीटीई वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला आजार आहे, आणि धक्का मोठाच असायला हवा असं नाही. लाइनबॅकर जवळजवळ प्रत्येक धावेला कोणाच्या तरी अंगावर आदळतो. मोसम वाढले की हे धक्के साठत जातात. लाइनबॅकर ख्रिस बोरलंडनं 2015 मध्ये एकाच मोसमानंतर, 24 व्या वर्षी, हे कारण सांगून खेळ सोडला. कॅरोलायनाचा मधला लाइनबॅकर ल्यूक कीकली 2020 मध्ये 28 व्या वर्षी थांबला. समोरच्याचा डाव ओळखून ओरडून सांगण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, तुमच्या व्याख्येनं तो अजून दहा वर्षं उपयोगी ठरला असता.

चाहते म्हणून म्हाताऱ्यानं "अजून एक वर्ष" खेळावं असं आपण मागतो तेव्हा काय मागतोय याची जाणीव ठेवूया.

हार्बरवाला_बाल्टिमोर

फिजिओताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. 10 जानेवारीची तारीख मला ठाऊक नव्हती. त्या आठवड्यात इथे सगळीकडे फक्त जांभळे झेंडे होते.

पोटोमॅककाठ

@फिजिओ_ह्यूस्टन, मनापासून आभार. तुमचा मुद्दा मला माझ्या म्हणण्यालाही जोडता येतो. डोकं वापरणारा माणूस हवा असेल तर त्याचं डोकं कमी आदळू द्या. 2011 च्या करारापासून मोसमात पूर्ण चिलखत घालून फक्त 14 सराव करता येतात, दिवसातून दोनदा सराव बंद झाला. जुन्या खेळाडूंसाठी ही मोठी सुटका होती. मात्र तिचा दुसरा परिणाम असा, की तरुण लाइनबॅकरला खऱ्या वेगानं डाव बघण्याचे प्रसंग कमी झाले. आधी जे सरावात शिकायला मिळायचं ते आता चित्रफितीच्या खोलीत शिकावं लागतं. म्हणून त्या खोलीत शेजारी बसून "इथे थांबव, सेंटरचं डोकं कुठे आहे बघ" असं सांगणारा जुना माणूस आज अधिक मोलाचा आहे.

वॉशिंग्टनमध्ये हे आम्ही आधीही बघितलंय. लंडन फ्लेचर 2007 ते 2013 इथे होता, 38 व्या वर्षापर्यंत. उंची जेमतेम पाच फूट दहा इंच, ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही, आणि सलग 256 सामने खेळला. सोळा मोसमांत एकही चुकवला नाही. त्याच्या काळात इथले मोसम बहुतेक वाईटच गेले, तरी दर रविवारी मध्यभागी तो उभा आहे एवढी एक खात्री होती. त्याला हॉल ऑफ फेममध्ये अजून जागा मिळालेली नाही याचं मला वाईट वाटतं.

लाइनबॅकर खेळलेल्यांतले किती जण पुढे मुख्य प्रशिक्षक झाले तेही बघा: रॉन रिव्हेरा, जॅक डेल रिओ, माइक व्रेबल, डिमेको रायन्स. बचावातल्या प्रत्येकाचं काम ज्याला पाठ करावं लागतं, तो खेळत असतानाच अर्धा प्रशिक्षक झालेला असतो.

आकडेमोड

आणि 2025? एका वर्षासाठी वॅग्नरला पुन्हा ठेवलं, संघ पुरता घसरला, मोसम चालू असताना क्विननं बचावाचे डाव सांगायचं काम स्वतःकडे घेतलं. पासच्या वेळी लाइनबॅकरच्या मागची जागा आठवड्यामागून आठवडे उघडी पडत होती. ओळखण्याची नजर तीच होती ना? मग?

पोटोमॅककाठ

नजर तीच होती. कमरेचं वळण आणखी एका वर्षानं जुनं झालं होतं आणि प्रतिस्पर्ध्यांना ते कळलं होतं. ते मुद्दाम रनिंग बॅकला (चेंडू घेऊन पळणाऱ्याला) बाहेर पाठवून त्याला मोकळ्या मैदानात ओढायचे. यात चूक वापरणाऱ्यांची. तिसऱ्या डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) आठ-नऊ यार्ड हवे असतील तर समोरचा पासच टाकणार हे उघड आहे. तेव्हा ओळखण्यासारखं कमी आणि पळण्यासारखं जास्त असतं. त्या डावांना त्याला बाहेर बसवायला हवं होतं, जादा सेफ्टी आत.

सिअ‍ॅटलची_संध्याकाळ

पण मग ठिपक्याचं काय? तो बाहेर गेला की रेडिओही बाहेर. म्हणूनच तर प्रशिक्षक त्याला काढायला कचरतात.

पोटोमॅककाठ

पर्यायी हेल्मेटची मुभा आहे, फक्त एका वेळी दोन ठिपके मैदानावर चालत नाहीत. माझं मत असं: ठिपका मोसमाच्या सुरुवातीपासूनच सेफ्टीकडे द्यायचा, जो एकही डाव बाहेर जात नाही. त्यानं रेडिओ ऐकून डाव सांगायचा. पहिल्या दोन डाउनना पुढच्या सात जणांची मांडणी वॅग्नरसारख्यानं करायची, त्यासाठी रेडिओ लागत नाही, डोळे लागतात. पस्तिशीच्या माणसाचे डाव मग निम्म्याच्या आसपास येतील, धक्केही कमी होतील.

हार्बरवाला_बाल्टिमोर

लुईसला 2012 मध्ये हे कोणी सुचवलं असतं तर त्यानं ऐकलं असतं असं मला वाटत नाही. पण करारावर सही करण्याआधीच हे ठरवून घेतलं तर जमेल. आणि सेफ्टीकडे ठिपका द्यायचा तर तो सेफ्टी कॅम्पच्या पहिल्या दिवसापासून चित्रफितीला त्या लाइनबॅकरच्या शेजारी बसलेला हवा, नाहीतर तिसऱ्या डाउनला पुन्हा सगळे एकमेकांकडे बघत राहतील.